जिन्याखाली हजर

रविवार, ८ जानेवारी

बारक्या,

अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. दोन्ही पोचले असं समज.

तुझ्या वकिलाचं पाकीट मधलीकडे आलं. तिचे हात हल्ली कागदाला स्थिर राहत नाहीत, म्हणून मीच ते फोडून मोठ्याने वाचलं. तू अर्ज केलायस की तुझी ही बहीण स्वतःचे निर्णय घ्यायला असमर्थ आहे, तेव्हा तुला तिचा कायदेशीर पालक नेमावं. म्हणजे मग तू तिला त्या बागवाल्या संस्थेत ठेवणार. सुनावणी मार्चअखेर आहे. 'असमर्थ' या शब्दावर माझी जीभ अडली, तर मधली म्हणाली, "पुन्हा."

तिचं 'पुन्हा' तुला ठाऊक आहे. गल्लीतली पोरं तिच्याकडे गणितं घेऊन येतात, मोठ्याने सोडवतात आणि कुठे चुकली की ही डोळे मिटूनच 'पुन्हा' म्हणते. कुठे चुकलं ते सांगत नाही. मी पुन्हा वाचलं. मग ती काहीतरी बोलायला लागली. आजाराने तिची जीभ आता इतकी जड झालीय की एका वाक्यात भात शिजून होईल. मी आपली विचारत बसले, राग आला का, वाईट वाटलं का, त्याला फोन लावू का. ती नुसती मान हलवत राहिली. शेवटी वाक्य पुरं झालं. "बारक्याने स्वतः... एक ओळ... लिहिली नाही."

मला माहीत आहे तू हे कपटाने केलेलं नाहीस. आई गेल्यावर ती त्या तळमजल्याच्या खोलीत एकटी राहू लागली, मागच्या वर्षी न्हाणीच्या दारात पडली आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. तू धावत आलास. दवाखान्यात तिच्या उशाशी बसलास, घासभरही खाल्लं नाहीस. ती फरशी तुझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, हे मला कळतं. माझ्याही हलत नाही. पण बाबा रे, तू फोनवर मला विचारलंस, तिला विचारलं नाहीस. तिला फोन लावतोस, ती शब्द जुळवत असते, तू म्हणतोस 'लाइन तुटली वाटतं' आणि ठेवून मला लावतोस.

मी कुणाच्या बाजूची नाही. तिला पुन्हा पडू द्यायचं नाही, एवढीच माझी बाजू. ते तुझ्या संस्थेत जमेल की तिच्या खोलीत, हे मला अजून कळलेलं नाही, आणि न कळता बोलायची माझी सवय तुला माहीत आहेच.

तुझी ताई


रविवार, २९ जानेवारी

बारक्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मौनं सर्वार्थसाधनम्, असं बाबा म्हणायचे आणि मग आईला तेवढंच बोलायला मिळायचं.

मधलीने स्वतःच एक उद्योग शोधलाय. शिकवणीला येणाऱ्या एका पोराच्या आईकडून तिला कळलं की बाजाराच्या मागे एक गट आहे, 'आमचं आम्ही' नावाचा. कुणी खुर्चीवाले, कुणी आंधळे, कुणी बहिरे. आपल्या हक्कांची कामं हे लोक आपणच करतात. कुणाला मतदानाच्या खोलीत शिरता येत नाही, कुणाला बँक खातं उघडू देत नाही, कुणाला तुझ्यासारखा प्रेमळ भाऊ असतो. ती म्हणाली, माझी चाकाची खुर्ची ढकल, मला सोड तिथे. मी फक्त सोडायला जाते. हे लक्षात ठेव, मी फक्त सोडायला जाते.

बैठक घड्याळाच्या दुकानात होते, सुट्टीच्या दिवशी दुपारी. दुकान एवढंसं आहे. भिंतीवर दुरुस्तीची घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि त्यांच्यामध्ये चाकाच्या खुर्चीत घड्याळवाले. गटाचं सगळं तेच बघतात. डोळ्याला ते कामाचं भिंग लावूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही पायवाल्या?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे खुर्ची ढकलायला, वाचून दाखवायला, चहा करायला. पायवाल्यांचं इथे स्वागत आहे. मत मात्र ज्याचा प्रश्न त्याचं. आणि वाक्य ज्याचं त्यानेच पुरं करायचं."

वाक्याचा नियम मला तिथल्या तिथे नडला. त्यांनी मधलीला विचारलं, तुम्हाला काय हवंय? ती सुरू झाली आणि मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "तिला म्हणायचंय की..." कुणी मला रागावलं नाही, नुसते थांबले. स्टोव्हवरचा चहा उकळून खाली गेला तरी थांबले. मधली म्हणाली, "मला... माझ्या खोलीत... राहायचंय. आणि... ते मी... स्वतः सांगणार."

तिथे एक बाई आहेत, डोळ्यांनी अधू, पूर्वी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. त्यांना सगळे ऑपरेटर म्हणतात. निघताना त्या मला म्हणाल्या, "आमच्या नोकरीत एकच शिस्त होती. लाइन जोडायची आणि बाजूला व्हायचं. मध्ये बोललं की नोकरी गेली."

मी म्हटलं, "आमच्या नोकरीत मध्ये बोलण्याचाच पगार होता." बसस्टँडवर मी उभा जन्म माइकसमोर काढला, आणि दिलेला कागद कधी दिला तसा वाचला नाही. 'खिडकीतून डोकं बाहेर काढू नये' असं लिहिलेलं असायचं, मी पुढे जोडायचे, 'बदली डोकं कंट्रोलरकडे मिळत नाही.' लोक हसायचे आणि डोकी आत घ्यायचे. म्हणजे जोडण्यात वाईट काय?

चहा मीच करते आता. त्यांचा फार फिका असतो.

ताई


रविवार, १९ फेब्रुवारी

बारक्या,

मी भांडून आलेय, तेव्हा अक्षर समजून घे.

परवा आम्ही तुझं ते सुनावणीचं कार्यालय बघायला गेलो. तिसऱ्या मजल्यावर आहे. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, त्यांचे निवाडे तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्यात, छतापर्यंत. मी शिपायाला विचारलं, "ही कधी चालू होणार?" तो म्हणाला, "खुर्च्या कुठे ठेवायच्या ते ठरलं की."

आज बैठकीत मी म्हटलं, काही हरकत नाही, चार माणसं धरू आणि मधलीला खुर्चीसकट वर नेऊ. पाच मिनिटांचं काम. यावर घड्याळवाले म्हणाले की गटाचा नियम आहे, कुणाला उचलून न्यायचं नाही. मी म्हटलं, नियमाला काय चाटायचंय? ती वर गेली नाही तर गैरहजर लिहितील, आणि गैरहजर माणसाचा निकाल एकतर्फी लागतो. ती हरेल.

ते शांतपणे म्हणाले, "मला वर्षानुवर्षं उचलून नेलं, ताई. शाळेत, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये. दर वेळी एखादा दमलेला माणूस मला धरून म्हणायचा, अहो किती जड आहात. आणि दर वेळी तिथला साहेब म्हणायचा, बघा, होतंय की सगळं, मग लिफ्ट कशाला हवी? मी वर पोचायचो आणि माझी तक्रार खाली राहायची."

"तुमचं तत्त्व आणि माझ्या बहिणीचं घर," मी म्हटलं. "लष्कराच्या भाकऱ्या भाजताना माझंच घर जाळू नका."

तेव्हा ते म्हणाले की हे त्यांनी ठरवायचं नाही आणि मीही नाही. सगळ्यांनी मधलीकडे पाहिलं. खुर्चीत ती किती लहान दिसते आता. मी मनात म्हणत होते, बाई, हो म्हण, हो म्हण. तिने वेळ घेतला आणि म्हणाली, "उचलायचं... नाही."

घरी येताना मी तिच्याशी बोलले नाही. तीही बोलली नाही, पण तिचं काय, तिचं एरवीही कळत नाही.

तू अर्ज मागे घे. एवढं कर. मग जिनाही नको आणि तत्त्वंही नकोत.

ताई


रविवार, १२ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. कागद केवढा आणि मजकूर केवढासा. 'ताई, तू तिथे असतेस म्हणून तुला सोपं आहे. इथे फोन वाजला की मी दचकतो. रात्री उठून फोन बघतो. मला झोप हवी आहे, बाकी काही नको.'

मी ते मधलीला वाचून दाखवलं. वगळावं असं वाटलं होतं, पण हल्ली वगळायला भीती वाटते, त्या ऑपरेटरबाईंना तारेवरूनही कळेल. मधलीने डोळे मिटून ऐकलं आणि या खेपेला 'पुन्हा' म्हणाली नाही. कागद हातात मागितला. तो हातात थरथरत होता, तरी तिने तो बराच वेळ धरून ठेवला.

तुला वाटतं मला सोपं आहे. मी तिच्या गल्लीच्या टोकाला राहते. भांडं पडल्याचा आवाज कुठल्याही घरातून आला तरी मी चप्पल शोधते. तेव्हा सोपं कुणालाच नाही, फक्त तू अर्ज केलास आणि मी चहा करते.

गटात आता आमची तालीम चालते. एक जण दुकानाच्या या टोकाला हळू आवाजात काही सांगतो, मधले पायवाले ते पुढे पोचवतात, त्या टोकाला ते जसंच्या तसं उतरलं पाहिजे. कान आणि जीभ वळावी म्हणून ऑपरेटरबाईंनी बसवलेला खेळ आहे. मी तीनदा बाद झाले. एकदा 'मला पाणी हवं आहे' याचं मी 'कृपया पाणी' केलं होतं. फक्त कृपया जोडलं रे. बाद.

आता तुलाच म्हणून सांगते, तिथे बोलले नाहीये. मी बसस्टँडवरच्या दोन हमालांशी बोलून ठेवलंय. थोरला आणि धाकटा, सख्खे भाऊ, दणकट आहेत आणि माझ्या शब्दाखातर येतील. सुनावणीच्या दिवशी फाटकाशी उभे राहतील. अगदीच वेळ आली तर नियम गेला खड्ड्यात. मधली माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही, पण तिच्या खोलीत बसून बोलणार नाही.

ताई


मंगळवार, २८ मार्च

बारक्या,

वकिलाने तुला त्याच्या परीने कळवलं असेल. आता माझं ऐक, आणि मी जसंच्या तसं सांगणार आहे, निदान प्रयत्न करणार आहे.

आम्ही वेळेच्या आधी पोचलो. मधलीने आईची जांभळी शाल घेतली होती. जिन्याच्या पायथ्याशी तिची खुर्ची लावली, शेजारी घड्याळवाल्यांची. ऑपरेटरबाई कठडा धरून तिसऱ्या मजल्यावर जाऊन दाराशी उभ्या राहिल्या. माझे दोघे हमाल फाटकात. घड्याळवाल्यांनी त्यांना पाहिलं आणि मला विचारलं, "हे कोण?"

मी म्हटलं, "असेच. पाणी प्यायला आले असतील."

मधलीने माझ्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, मी शाल सारखी करू लागले.

नाव पुकारलं. मधली म्हणाली, "हजर." तिचा आवाज चार पायऱ्यांपलीकडे गेला नाही. दुसऱ्यांदा पुकारलं, ती पुन्हा म्हणाली. वरून शिपायाने वाकून पाहिलं. यापुढचं वरचं मला ऑपरेटरबाईंनी नंतर सांगितलं. त्या आत जाऊन म्हणाल्या, "त्या हजर आहेत, साहेब. जिन्याखाली."

सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, वर आणा. लिफ्ट बंद आहे म्हटल्यावर म्हणाले, मग उचलून आणा, माणसं आहेत ना? हा निरोप शिपायाने खाली ओरडून सांगितला आणि माझे हमाल ताबडतोब पुढे झाले. थोरल्याने खुर्चीला हातही घातला. मी मधलीच्या कानाशी वाकले. "बाई गं, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं डोळे मीट." ती म्हणाली, "हात... काढ... म्हणावं."

थोरल्याने हात काढला. मी सांगायच्या आधी काढला.

वर साहेब गैरहजर लिहायला निघाले होते. तुझ्या वकिलाला न्याय देते हो, तो पोरगा म्हणाला, थोडा वेळ देऊ या. ऑपरेटरबाईंनी विचारलं, फोनवर चालेल का? साहेबांनी भिंतीवरच्या 'मोबाईल बंद ठेवा' या पाटीकडे बोट दाखवलं. बाईंना दिसत नाही, म्हणून शिपायाने ती पाटी त्यांना वाचून दाखवली. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही इथून विचारा. आम्ही तुमचे शब्द खाली नेतो आणि तिचे वर आणतो. जसेच्या तसे. आमची तालीम आहे." साहेब वैतागून म्हणाले, बघू या. दोन प्रश्नांत बोजवारा उडेल असा त्यांचा हिशेब असावा.

आता माणसं कुठून आणायची? घड्याळवाल्यांनी हमालांकडे पाहिलं. "पाणी पिऊन झालं असेल तर एक जण दुसऱ्या मजल्यावर आणि एक त्याच्या वरच्या वळणावर." आणि मला म्हणाले, "तुम्ही इथे, खालून चौथ्या पायरीवर. फक्त लाइन."

सुरू झालं. नाव, वय, पत्ता. साहेबांचा प्रश्न दारातून ऑपरेटरबाईंच्या तोंडून निघायचा, धाकट्याकडे, थोरल्याकडे, माझ्याकडे आणि माझ्याकडून मधलीकडे. मग आम्ही सगळे थांबायचो. ती बोलायची आणि शब्द वर जायचे. हमालांना तालीम नव्हती, पण ते ओझं जसं दिलं तसं पोचवण्यातले. "संस्थेत बाग आहे, माहीत आहे का?" या प्रश्नाला मधली म्हणाली, "बाग आवडते. पण फाटकाला... कुलूप आहे. मी... विचारलं." थोरला ओरडला, "बाग आवडते. पण फाटकाला कुलूप आहे. मी विचारलं." बस सुटल्यासारखा त्याचा आवाज. इतर कार्यालयांतून लोक बाहेर येऊन कठड्याला टेकले. "जेवणाचं कोण बघतं?" ती म्हणाली, "शेजारीण. मी तिच्या मुलाला... गणित शिकवते." एका टायपिस्टने मान डोलावली.

मला वाटलं, जमतंय की. आणि तेवढ्यात वरून प्रश्न उतरला. "पुन्हा पडलात तर?"

त्याच प्रश्नावर तर सगळं अडलं होतं, तुझं, माझं, साहेबांचं. मी तो खाली सांगितला. मधलीने खूप वेळ घेतला. मग म्हणाली, "पडेन."

बारक्या, मी तुला काय सांगू. 'पडेन' हे वर कसं पाठवायचं? ते वर गेलं की साहेब लिहिणार, आणि खोली गेली. मी तोंड वर केलं आणि बसस्टँडच्या आवाजात म्हटलं, "आता पडणार नाही. पुरेशी काळजी घेतली जाते." माझा आवाज तुला माहीत आहे. सबंध जिना दुमदुमला. थोरल्याने उचललं, धाकट्याने उचललं, वर पोचलं.

खालून आवाज आला. "पुन्हा."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"पुन्हा."

"अगं, मी नीटच..."

"मी... काय म्हटलं?"

"पडेन."

"मग... तेच... सांग."

उचलली जीभ लावली टाळ्याला, आता ती सोडवायची कशी? मी वर बघून म्हटलं, "थांबा. आधी गेलं ते चुकीचं. ते माझं होतं." आणि त्या थोरल्या हमालाने इमानाने तेसुद्धा जसंच्या तसं पाठवलं. "थांबा. आधी गेलं ते चुकीचं. ते माझं होतं." धाकट्यानेही. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी छातीवर हात ठेवून सांगत होतं की चूक त्याची होती. वरून साहेबांचा प्रश्न आला, "कुणाचं होतं?" तो माझ्यापर्यंत उतरला आणि मला खाली न्यावाही लागला नाही.

मधली बोलत होती. आम्ही थांबलो. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती. "पडेन. कधीतरी... पडेनच. पण... माझ्या घरात... पडेन."

मी ते वर सांगितलं. एक शब्द जोडला नाही, एक काढला नाही. तिच्यासारखं थांबत थांबत सांगितलं. थोरल्याचा आवाज या वेळी ओरडल्यासारखा नव्हता. वर वर जाताना ते वाक्य ऐकलं मी, तिचं वाक्य, कधी पुरुषाच्या गळ्यातून, कधी ऑपरेटरबाईंच्या त्या स्वच्छ आवाजात, आणि मला रडू फुटलं. आपल्या घरात ती सगळ्यात हळू बोलते, आणि त्या इमारतीत तिच्याइतकं लांब कुणाचं ऐकू गेलं नसेल.

मग वर खुर्ची सरकली. नंतर पावलं वाजली. साहेब उतरत होते, कठडा धरून, एकेक पायरी. गुडघे बरे नाहीत त्यांचे. मागून शिपाई फाइल घेऊन आणि त्याच्या मागे तुझा वकील. माझ्याजवळ आल्यावर विचारलं, "मघाचं ते तुमचं?" मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

ते खाली गेले आणि मधलीसमोर शेवटून दुसऱ्या पायरीवर बसले. फाइल मांडीवर. म्हणाले, "तुमच्या बहीणबाई नेहमी तुमच्यासाठी बोलतात का?"

मधली म्हणाली, "प्रयत्न... करते."

सगळा तळमजला हसला. तुझा वकीलही. मीसुद्धा, नाक पुसत.

मग त्यांनी पुढचं सगळं तिला तिथेच बसून विचारलं. मला कुणीच काही विचारलं नाही. ती वाक्य जुळवत असताना ते पेनाचं टोपण लावून वाट बघायचे. उठताना म्हणाले, "लिफ्टचं मीही लिहिलंय वर. कितीदा लिहिलंय." घड्याळवाले म्हणाले, "साहेब, आता तुम्हालाही कळलं ना जिना केवढा आहे? आमच्याबरोबर सही करा." साहेबांनी जिन्याकडे पाहिलं. परत चढायचा होता त्यांना.

निकाल यायचाय. काय येईल ते येवो. आज मला लाजही वाटते आणि अभिमानही वाटतो, आणि दोन्हीचं कारण एकच मुलगी आहे.

तुझी ताई


रविवार, १६ एप्रिल

बारक्या,

निकाल आला. तुझा अर्ज नामंजूर झालाय. साहेबांनी लिहिलंय की जी व्यक्ती आपल्या बाजूने गेलेलं खोटं उत्तर स्वतः थांबवून आपल्या विरुद्ध जाणारं खरं उत्तर देते, तिला निर्णय घेता येत नाही असं म्हणायला आधार नाही. ते खोटं उत्तर माझं. म्हणजे बघ, मी बोलले नसते तर हे लिहिता आलं नसतं. हे मी घड्याळवाल्यांना म्हटलं तर त्यांनी भिंग काढून माझ्याकडे पाहिलं आणि परत लावलं.

लिफ्ट अजून बंद आहे. पण मोडक्या खुर्च्या निघाल्या, आणि आठवड्यातून एक दिवस सुनावणी तळमजल्यावरच्या टपालखोलीत होते. गेल्या खेपेला तिथे एक म्हातारे गृहस्थ आले होते, त्यांच्याबरोबर मी पायवाली म्हणून गेले. अख्खा वेळ गप्प बसले. घरी येऊन भांड्यांशी बोलले. माझे हमालही येतात आता बैठकीला, धाकट्याला तालमीत कुणी बाद करू शकत नाही.

मधलीने पडण्याची व्यवस्था केलीय. हो, पडण्याची. न पडण्याची कुणाकडेच नसते असं ती म्हणते. गळ्यात घंटीचं बटण, ते दाबलं की शेजारणीकडे आणि माझ्याकडे वाजतं. दाराची एक किल्ली दूधवाल्याकडे. न्हाणीत कठडा. काय हवं, काय नको, ते सगळं तिने ठरवलं आणि मी विकत आणलं. उशाशी कॅमेरा लावू का विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या... उशाशी लाव."

तू रुसला असशील. तुझा दोष नाही, तुला झोप हवी होती. मला एवढंच सांगायचंय की ती पाळणाघरातून हरवलेली मुलगी नाहीये, आपली बहीण आहे, तुझ्याहून मोठी.

खालचं तिचं आहे. ती सांगते, मी लिहिते. मध्ये बोलायचं नाही अशी अट आहे.


बारक्या,

मी सांगते आहे. ताई लिहिते आहे. मी वाचून घेतल्याशिवाय पाकीट बंद होणार नाही.

तुझ्यावर राग नाही. होता. 'असमर्थ' शब्दाचा होता. तुझी चिठ्ठी आल्यावर गेला.

तू घाबरलास. त्या रात्री फरशीवर मीही घाबरले होते. फरशी गार होती. मी पाढे म्हटले. एकोणतिसाचा चुकला, पुन्हा म्हटला. सकाळ झाली. हे तुला कुणी सांगितलं नसेल, कारण मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं, कशी पडलीस. रात्र कशी काढलीस ते कुणी विचारलं नाही.

घाबरलेला माणूस असमर्थ नसतो. मी नाही. तूही नाहीस.

गळ्यात घंटी आहे. रात्री वाजली नाही तर समज मी झोपले आहे. तूही झोप.

सुट्टीत ये. बाग आवडते मला. बिनकुलपाची एक आहे इथे. खुर्ची तू ढकल. ताई जोरात ढकलते.

ताई रडते आहे. ते लिहू नको का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, लिही. मी सांगते ते लिहायचं.

रविवारी फोन कर. ताईला नको, मला कर. आधी काही ऐकू येणार नाही. लाइन तुटलेली नसते. मी हॅलो म्हणत असते. थांब.

मधली